‘गेट’चा नेमका अर्थ काय?

प्रश्न असा आहे: ‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचे मिळणे, होणे, पोचणे, आणणे, समजणे असे ढीगभर अर्थ शब्दकोशात असतात, ते लक्षात कसे ठेवायचे? आणि ‘हॅव’नंतर त्याचं रूप ‘गॉट’ बरोबर की ‘गॉटन’?

अर्थांची यादी पाठ करू नये, असं माझं ठाम मत आहे. ‘गेट’ला ‘बी’ आणि ‘हॅव’ यांच्या शेजारी ठेवून पाहावं. ती दोघं स्थिती सांगतात, ‘गेट’ त्या स्थितीत शिरणं सांगतं. ‘इट इज डार्क’ म्हणजे अंधार आहे. ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडत चाललाय. ‘शी इज मॅरिड’ म्हणजे ती विवाहित आहे. ‘शी गॉट मॅरिड’ म्हणजे तिचं लग्न झालं. ‘वुई गॉट होम’मध्ये आपण घरी नव्हतो, ते आलो. ‘आय गेट इट’मध्येही तेच: डोक्यात शिरत नव्हतं ते शिरलं.

आपल्याला हे जड जातं, कारण मराठी प्रत्येक बदलाला वेगळं क्रियापद देते. भूक लागते, राग येतो, माणूस आजारी पडतो, अंग भिजतं. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘गेट’ चालतं. काय बदललं ते पुढचा शब्द सांगतो. शिवाय ‘मला पत्र मिळालं’मध्ये कर्ता पत्र असतं, ‘आय गॉट अ लेटर’मध्ये ‘मी’. तरी एवढा पसारा आपल्याला अगदीच परका नाही. तहान लागते, ठेच लागते, डोळा लागतो, शोध लागतो, वेळ लागतो आणि जावंही लागतं. ‘लागणे’चे हे अर्थ आपण कधी पाठ केले नाहीत.

खरी मेख आहे ती दुसऱ्याकडून काम करवून घेण्याच्या वापरात. केस कापून घेतले हे सांगताना आपल्यातले बरेच जण ‘आय कट माय हेअर’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, यानं स्वतःच कात्री चालवली. तिथे ‘आय गॉट माय हेअर कट’ हवं. काम करणाऱ्या माणसाचा उल्लेख आला की मधे ‘टु’ येतो: ‘आय गॉट हिम टु साइन’. ‘हॅव’ वापरलं तर ‘टु’ गळतो: ‘आय हॅड हिम साइन’. दोन्हींत सही त्याचीच, पण छटा वेगळी. ‘हॅड’मध्ये सांगितलं आणि त्यानं केली, एवढंच. ‘गॉट’मध्ये बहुधा मनधरणी, खटपट किंवा दबाव असतो; मराठीत आपण ‘सही करायला लावली’ म्हणू. ही छटा कानात बसली की ‘गेट’वर निम्मी पकड आली.

कर्मणी प्रयोगातही ते येतं: ‘ही गॉट कॉट’, तो पकडला गेला. अंगावर काही ओढवलं, विशेषतः वाईट, तिथे ते शोभतं. एखादी इमारत 1920 साली बांधली गेली, अशी कोरडी नोंद करताना मात्र ‘वॉज बिल्ट’च लिहावं.

आता ‘गॉटन’. हे क्रियापद इंग्रजीनं व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून उचललं. त्याचं भावंड जुन्या इंग्रजीत होतं, पण ते उपसर्ग लागलेल्या रूपांतच वावरायचं. आजचं ‘फर्गेट’ त्यातलंच. ‘गॉटन’ हे रूप पूर्वी इंग्लंडमध्येही चालायचं. तिथून गेलेल्या वसाहतकरांबरोबर ते अमेरिकेत गेलं आणि टिकलं; ब्रिटिश प्रमाणभाषेतून पुढे जवळपास गेलं, ‘इल-गॉटन’ (गैरमार्गानं मिळवलेलं) यासारख्या शब्दांत तेवढं उरलं. त्यामुळे ‘गॉटन’ला अमेरिकनांनी बिघडवलेलं रूप म्हणणं चुकीचं आहे. उलट अमेरिकन बोलीत त्यामुळे एक उपयोगी फरक करता येतो: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली. ब्रिटिश पद्धतीनं लिहिणाऱ्यानं दोन्हीकडे ‘गॉट’ ठेवावं. एकाच लेखात सरमिसळ मात्र नको.

शेवटी एक जोडी, कारण इथे हमखास गफलत होते. ‘आय गॉट टु सी हिम’ म्हणजे मला त्याला भेटायला मिळालं. ‘आय हॅव गॉट टु सी हिम’ म्हणजे मला त्याला भेटलंच पाहिजे. बोलताना ‘हॅव’ पुष्कळदा गळतो आणि दोन्ही वाक्यं सारखीच ऐकू येतात. मग संधी की सक्ती, हे मागच्यापुढच्या बोलण्यावरून ठरवावं लागतं. लिहिताना ‘हॅव’ गाळू नये.