छोट्या ट्रेलरवरून झाडाचे ओंडके सुरक्षित कसे न्यावेत?

तुमचा प्रश्न असा : वादळात पडलेल्या झाडाचे तीन-तीन मीटरचे ओंडके कापून ठेवले आहेत, ७५० किलोचा एका एक्सलचा ट्रेलर आहे, दोन रॅचेट पट्टे (दांडा मागे-पुढे करून आवळायचे) आहेत, एवढ्यावर भागेल की साखळी घ्यावी लागेल? मी बरीच वर्षं लाकूड वाहतो. पट्टा की साखळी हे नंतर बघू, आधी वजन काढा.

ओल्या लाकडाच्या वजनाचा नजरेने अंदाज येत नाही. ताजं कापलेलं लाकूड जातीनुसार घनमीटरला साधारण ८०० ते ११०० किलो भरतं. हिशेबाला १००० धरा. ओंडक्याचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला ०.८ने आणि मग लांबीने गुणा. उत्तर टनात येतं. तुमच्या तीन मीटर लांबीला ३० सेंटिमीटर जाडीचा ओंडका साधारण २१५ किलो, ४० सेंटिमीटरचा ३८५ आणि ६० सेंटिमीटरचा तब्बल ८६५ किलो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं, आणि गफलत नेमकी इथेच होते.

आता ७५० किलो हा आकडा ट्रेलरसकटचा आहे का, ते त्याच्या पाटीवर बघा. बहुतेक वेळा तसाच असतो. रिकामा ट्रेलर २०० किलोचा असेल तर मालाला उरले ५५०. म्हणजे ३० सेंटिमीटरचे दोन ओंडके, नाहीतर ४०चा एकच. ६०चा न्यायचाच नाही, तो जागेवरच तोडायचा. तुमची गाडी किती ओढू शकते आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती मर्यादा किती कमी होते, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं; तेही बघून घ्या. आणि खरं सांगू? फळ्या काढायच्या नसतील, शेवटी सरपणच करायचं असेल, तर तीन मीटरचा हट्ट सोडा. हाताने उचलता येतील असे तुकडे करा, ट्रेलरच्या बाजूच्या फळ्यांच्या आत भरा, वरून जाळी ताणून बांधा. निम्मा धोका तिथेच संपतो.

ओंडके न तोडता अख्खेच न्यायचे असतील तर ओंडका ट्रेलरवर कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. भार मागे गेला की हिचवरचं, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावरचं, वजन कमी होतं आणि वेग वाढला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. तो झोल वाढत गेला की गाडीलाही ओढून नेतो. भार फार पुढे गेला तर गाडीची मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले लागतात. हिचवर एकूण वजनाच्या साधारण १० टक्के यायला हवं, तुमच्या बाबतीत ७५ किलोच्या आसपास, आणि हिचवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या आत. हे मोजणं सोपं आहे : ट्रेलर सपाट जागी भरलेला असताना हिचच्या उंचीचा लाकडी ठोकळा वजनकाट्यावर उभा करा आणि ट्रेलरचं तोंड त्यावर टेकवा. ओंडक्याचा बुंध्याकडचा भाग जड असतो हे ध्यानात ठेवून तो पुढे-मागे सरकवा.

चढवताना ट्रेलर गाडीला जोडलेलाच हवा, नाहीतर मागच्या टोकावर वजन पडताच तोंड वर उसळतं. हँडब्रेक लावा, चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी द्या. ट्रेलरच्या तळावर आडव्या दोन जाड बल्ल्या टाका. त्यामुळे ओंडक्याखालून पट्टा ओवता येतो. हाताने उचलायच्या भानगडीत पडू नका. बाजूला दोन मजबूत बल्ल्या तिरप्या टेकवा, दोन दोरांची टोकं ट्रेलरला बांधा, दोर ओंडक्याखालून घेऊन वरून परत आणा आणि पलीकडून दोघांनी एकसारखे ओढा. ओंडका स्वतःच फिरत्या कप्पीचं काम करतो, जोर जवळपास निम्मा लागतो. त्या बाजूच्या चौकटीखाली टेकू द्या, आणि ओंडक्याच्या उताराच्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही, क्षणभरही नाही.

आता तुमचे पट्टे. लेबल आहे का बघा. तुटण्याचा आकडा मोठा छापलेला असतो, त्यावर जाऊ नका. कामाचा भार त्याच्या निम्मा किंवा एक तृतीयांशच असतो. लेबल गेलेला किंवा कडेला उसवलेला पट्टा बाद. एका ओंडक्याला कमीत कमी दोन पट्टे हवेत. दोन ओंडके असतील तर मी दोन पट्टे सगळ्यावरून घेतो आणि तिसरा दोघांभोवती गुंडाळून मोळी आवळतो. साखळी चालते, पण तिचा लिव्हरवाला आवळणारा दांडा सुटला तर हातावर बसतो. नवख्याला रॅचेटच बरा. पट्ट्याखालची सुटी साल आधी काढून टाका, कारण ती वाटेत चुरगळते आणि पट्टा ढिला पडतो. फांदीच्या टोकदार खुंटावरून पट्टा नेऊ नका. दोन्ही बाजूंनी आडव्या बल्ल्यांवर पाचरी ठोका.

वरून दाबणारा पट्टा ओंडक्याला पुढे सरकण्यापासून फक्त घर्षणाने अडवतो. साल ओली असेल तर ते घर्षण फसवं असतं. जोराचा ब्रेक लागला की भार आपल्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत जोराने पुढे रेटतो असं धरून चाला. म्हणून ओंडक्याचं टोक पुढच्या भक्कम फळीला टेकलेलं हवं.

निघाल्यावर पाचेक किलोमीटरवर थांबा आणि पट्टे पुन्हा आवळा. हादऱ्यांनी ओंडके बसतात आणि पट्टा हमखास सैल होतो. मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल कापड, रात्री लाल दिवा. ट्रेलरला गाडीशी जोडणाऱ्या सुरक्षा साखळ्या हिचखाली फुलीसारख्या लावा. उतारावर आधीच खालचा गिअर टाका. झोल सुरू झालाच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. कचकन ब्रेक मारू नका, वेग वाढवून सरळ करायलाही जाऊ नका.

पोचल्यावर मात्र घाई करू नका. वाटेत ओंडका पट्ट्यावर रेलून बसलेला असू शकतो, आणि रॅचेट उघडताच तो तुमच्याच बाजूला येतो. म्हणून आधी दोन्ही बाजूंनी फिरून बघा, पाचरी जागेवर आहेत का ते तपासा, जमीन सपाट आहे याची खात्री करा, आणि पट्टा सोडताना ओंडका घरंगळेल त्या बाजूला न थांबता टोकाशी उभे राहा. एक पट्टा किंचित सैल करून ओंडका हलतो का ते बघा. हलला तर पट्टा पुन्हा आवळा, त्या बाजूला आणखी पाचर द्या आणि मगच उघडा.