‘पार्ट अजून आला नाही’ : गिअरबॉक्सचा बिघाड, रिकॉल आणि ग्राहकाची बाजू

वाहनविषयक प्रश्नांच्या या सदराकडे या वेळी मायलेज आणि विम्याच्या नेहमीच्या पत्रांपेक्षा स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तक्रारी अधिक आल्या. त्यांतील मराठवाड्याची चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण इतर पत्रांची निम्मी उत्तरे त्यातच आहेत.

प्रश्न : माझी कार दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची आहे. गेल्या गाळप हंगामात मांजरसुंबा घाटात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगेत असताना गाडी थरथरू लागली, करपल्यासारखा वास आला आणि पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना दिसली. वर्कशॉपमध्ये दाखवले तेव्हा ‘सेटिंग केले आहे’ म्हणून गाडी परत दिली. पुढे कंपनीचे रिकॉलचे, म्हणजे सदोष भाग दुरुस्त करण्यासाठी गाडी परत बोलावल्याचे, पत्र आले. परंतु लातूरचे वर्कशॉप प्रत्येक वेळी ‘पार्ट अजून आला नाही, आला की फोन करू’ एवढेच सांगते. दरम्यान वॉरंटी संपली. आता थरथर वाढली, तर क्लचचा खर्च मी भरावा असे म्हणतात आणि दोष माझ्या चालवण्याच्या पद्धतीला देतात. मी काय करावे?
— एक वाचिका, अंबाजोगाई

उत्तर : सर्वप्रथम रिकॉलचे पत्र काढून त्यात नेमका कोणता भाग सदोष म्हटला आहे ते वाचावे. रिकॉल हा संपूर्ण गिअरबॉक्सचा नसतो, एखाद्या भागाचा असतो, आणि तो भाग बदलल्याने आपल्याला जाणवणारा त्रास जाईलच असे नाही. फोक्सवॅगनने 2013 मध्ये सात गतींच्या दुहेरी क्लच गिअरबॉक्ससाठी जगभरातील सुमारे 16 लाख गाड्या परत बोलावल्या, तेव्हा उष्ण व दमट हवेत आणि सतत थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीत कृत्रिम तेलामुळे विद्युत बिघाड होऊ शकतो असे कारण देण्यात आले होते आणि उपाय होता तेल बदलून खनिज तेल भरण्याचा. त्या तेलबदलाने झिजलेला क्लच नवा होणार नव्हता. आपल्याकडेही 2024 च्या फेब्रुवारीत किआने सेल्टोसच्या 4,358 पेट्रोल गाड्या परत बोलावल्या, त्या गिअरबॉक्सच्या विद्युत तेलपंपाच्या नियंत्रकापुरत्या होत्या. म्हणून आपल्याकडे एक नव्हे तर दोन तक्रारी आहेत असे धरून चालावे : एक, रिकॉलचे काम रखडल्याची, आणि दुसरी, थरथरीची. वर्कशॉपने या दोन्हींची सरमिसळ केली की रिकॉलसाठी ‘पार्ट नाही’ आणि थरथरीसाठी ‘वॉरंटी नाही’ असे उत्तर मिळते, आणि ग्राहक दोन्हीकडून अडकतो.

आता चालवण्याच्या पद्धतीविषयी. कोरड्या दुहेरी क्लचमध्ये एक क्लच विषम गिअरसाठी आणि दुसरा सम गिअरसाठी असतो, आणि त्यांची उष्णता वाहून नेणारे तेल त्यांच्याभोवती नसते. चढावर गाडी माणसाच्या चालीने सरकत असते तेव्हा संगणक क्लच अर्धवट टेकवून धरतो. चकती घासते, तापते, तिचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि पुढे प्रत्येक वेळी गाडी सुटताना हादरे बसतात. त्यामुळे चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरणे टाळावे, ब्रेक दाबून थांबावे आणि पुढे पुरेशी जागा झाल्यावरच निघावे, ही सूचना योग्यच आहे. परंतु ट्रॉल्यांची रांग, घाट आणि मे महिन्यातील बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे ऊन ही मराठवाड्यातील रस्त्यांची सामान्य परिस्थिती आहे, आणि गाडी विकताना ‘घाटात चालवू नये’ असे कोणत्याही विक्रेत्याने सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या ‘पॉवरशिफ्ट’ या दुहेरी क्लच गिअरबॉक्सबाबत हाच वाद झाला होता. थरथरीचे मूळ गाडीच्या दोषात आहे हे ठाऊक असूनही कंपनी ग्राहकांना तुमच्या चालवण्यामुळे असे होते म्हणून सांगत राहिली, आणि 2018 मध्ये तेथील संघीय न्यायालयाने तिला तक्रारी हाताळण्यातील अन्याय्य वर्तनासाठी 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. तो निकाल आपल्या ग्राहक आयोगावर बंधनकारक नाही. मात्र ‘चालवण्याची पद्धत’ हे कारण पुराव्याशिवाय स्वीकारण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून निश्चितच मांडता येते.

यापुढे वर्कशॉपमध्ये जाल तेव्हा खरे काम जॉब कार्डावर, म्हणजे गाडी आत घेताना तक्रार लिहून घेतात त्या कागदावर, होते. सल्लागार बहुधा ‘जनरल चेकअप’ किंवा ‘गिअरबॉक्स तपासणे’ असे दोन शब्द लिहून सही मागतो. ती सही करू नये. ‘थंड इंजिनवर पहिल्या गिअरमध्ये निघताना थरथर, चढावर रांगेत सरकताना वास व तापल्याची सूचना, डी मधून आर मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा हलते’ असे, जे प्रत्यक्ष घडते तेच, किलोमीटरच्या आकड्यासह लिहून घ्यावे आणि त्याखाली स्वतंत्र ओळीत ‘रिकॉलचे काम प्रलंबित, भाग उपलब्ध नाही’ अशी नोंद करून घ्यावी. भागाची मागणी कोणत्या तारखेला नोंदवली आणि तिचा क्रमांक काय, हेही विचारावे. मागणी खरोखर नोंदवली असेल तर क्रमांक सांगायला वेळ लागत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावल्यावर दिसणारे दोषसंकेत (बिघाडांच्या नोंदी) पुसण्याआधी त्यांची छापील प्रत मागावी. अनेक संकेतांसोबत तो बिघाड झाला त्या क्षणीचा इंजिनाचा वेग, गाडीचा वेग, तापमान आणि भार यांची नोंद राहते, आणि ‘क्लच पुन्हा शिकवला’, ‘सेटिंग केले’ म्हणत संकेत पुसले की ही नोंदही जाते. आपल्या पहिल्या भेटीत तसेच झाले असावे अशी मला शंका आहे. तरीही त्या भेटीचे जॉब कार्ड मिळवावे. ते वॉरंटीच्या काळातील आहे आणि त्यावर थरथरीचा उल्लेख असेल, तर तक्रार वॉरंटीत सुरू झाली व दोष दूर न करता गाडी परत दिली, असे आपल्याला ठामपणे म्हणता येते. कागद देण्यास टाळाटाळ झाल्यास हाच सारा मजकूर ईमेलने विक्रेता आणि कंपनी या दोघांनाही पाठवावा.

कायद्याची बाजू दोन ठिकाणी आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आले. त्यानुसार चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर लोक किंवा पर्यावरण यांना धोका पोहोचवू शकणाऱ्या दोषासाठी केंद्र सरकार कंपनीला वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते, आणि अशा आदेशानंतर कंपनीने दुरुस्ती करून द्यायची, गाडी बदलून द्यायची किंवा किंमत परत करायची असते. कंपनीने स्वतःहून रिकॉल केला तर दंड होत नाही. सक्तीच्या रिकॉलमध्ये 2021 च्या नियमांनुसार दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना लागू आहेत, आणि ठरावीक संख्येने मालकांच्या तक्रारी नोंदल्या गेल्यावर चौकशीची चक्रे फिरतात. म्हणून परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर आपली तक्रार अवश्य नोंदवावी, कारण तिचा उपयोग संख्येत आहे. पण त्यातून आपल्या एका गाडीचा प्रश्न लगेच सुटेल अशी आशा ठेवू नये. रखडलेल्या रिकॉलसाठी कंपनीला जाब विचारता येतो याचे ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे : 2015 मध्ये फियाट क्रायस्लरला 1 कोटी 10 लाखांहून अधिक गाड्यांच्या 23 रिकॉलमधील हलगर्जीसाठी साडेदहा कोटी डॉलरचा दंड झाला. तेथे मात्र पाठपुरावा करणारी स्वतंत्र सुरक्षा यंत्रणा आहे.

आपल्यासाठी खरा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चा. प्रथम 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. अनेक कंपन्या तेथे निदान लेखी उत्तर तरी देतात. त्यानंतर पंधरा दिवसांची मुदत देणारी लेखी नोटीस पाठवावी. तरीही काही न झाल्यास बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. आपण राहता तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय कोठे आहे याची चिंता नको. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, आणि वकील असणे सक्तीचे नाही. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पाच ते दहा लाखांसाठी 200 रुपये, दहा ते वीस लाखांसाठी 400 रुपये आणि वीस ते पन्नास लाखांसाठी 1,000 रुपये आहे. तक्रारीत कंपनी आणि विक्रेता दोघांनाही पक्षकार करावे, अन्यथा प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

येथे दोन सावधगिऱ्या सांगतो. तक्रार तिचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल व्हावी लागते, आणि ‘फोन करू’ या आश्वासनांनी ही मुदत थांबते असे गृहीत धरू नये. दुसरे म्हणजे, हल्ली अनेक जण ‘उत्पादन दायित्व’ या प्रकरणाखाली भरपाई मागतात. परंतु त्या प्रकरणातील हानीच्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूला झालेले नुकसान वगळलेले आहे. गिअरबॉक्सच गेला असेल, त्यामुळे अपघात वा इजा झालेली नसेल, तर तक्रार ‘वस्तूतील दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ यांवरच उभी करावी.

प्रश्न : माझी एकच गाडी आहे, ती मी स्वतः टॅक्सी म्हणून चालवतो. वॉरंटीतच गिअरबॉक्स बंद पडला आणि गाडी वर्कशॉपमध्ये उभी आहे. बँकेचा हप्ता सुरू आहे. शोरूमवाले म्हणतात, ‘गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक कायद्यात बसत नाही.’ हे खरे आहे का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : खरे नाही. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ ठरत नाही, हा नियम आहेच; पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वापरली जाणारी वस्तू त्यातून वगळली आहे, आणि एकच गाडी स्वतः चालवणारा चालक हे त्याचे अगदी सरळ उदाहरण होय. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे स्पष्टपणे लिहावे. पगारी चालक ठेवून चार-पाच गाड्या चालवणाऱ्याला हा युक्तिवाद जड जातो. बुडालेल्या उत्पन्नासाठी मागील महिन्यांची भाड्याची बिले, बँकेचे विवरण आणि आयकर विवरणपत्र जोडावे; नुसता आकडा लिहिला तर आयोग तो फार तर अंदाजाने, बहुधा कमीच धरतो. बँकेचा हप्ता मात्र थांबवू नये. गाडीच्या दोषाशी बँकेचा संबंध नसतो, आणि थकबाकीमुळे गाडी जप्त झाली तर तपासण्यासारखा पुरावाच हातातून जातो.

प्रश्न : दोन वेळा गिअरबॉक्स उघडूनही दोष गेला नाही. नवी गाडी मागता येईल का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : मागता येईल, पण मिळणे कठीण आहे. 2006 मध्ये मारुती उद्योगच्या ज्या प्रकरणात क्लचच्या दोषाची तक्रार होती, त्यात सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश मान्य केला नाही. वॉरंटीच्या अटीप्रमाणे कंपनीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे, असे म्हटले. तेव्हापासून प्रत्येक कंपनीचा वकील हा निकाल पुढे करतो. म्हणून मागण्या उतरत्या क्रमाने लिहाव्यात : गाडी बदलून मिळावी किंवा किंमत परत मिळावी, ते शक्य नसल्यास पूर्ण नवा गिअरबॉक्स वाढीव वॉरंटीसह मिळावा, आणि दोन्ही परिस्थितीत गाडी बंद राहिलेल्या काळातील प्रवासखर्च व मनस्तापाची भरपाई मिळावी. उत्पादनातील दोष सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर येतो, तेव्हा तज्ज्ञाच्या तपासणीसाठी आयोगाकडे सुरुवातीलाच अर्ज करावा. नांदेडच्या विष्णुपुरी येथील श्री गुरू गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या नामांकित संस्थेतील यंत्र अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांचे नाव सुचवता येईल. ओळखीच्या गॅरेजवाल्याचे प्रमाणपत्र उलटतपासणीत टिकत नाही. तपासणी आवश्यक असेल तर पाच महिन्यांत, एरवी तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून बराच अधिक वेळ धरून चालावे. निकाल आपल्या बाजूने लागला आणि कंपनी राज्य आयोगाकडे अपिलात गेली, तर तिला आदेशातील रकमेची निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

प्रश्न : पुण्याहून वापरलेली स्वयंचलित कार घेण्याचा विचार आहे. मूळ मालकाने रिकॉलचे काम करून घेतले आहे की नाही, हे कसे कळेल?
— एक वाचक, जालना

उत्तर : रिकॉल मालकाशी नव्हे, चासी क्रमांकाशी जोडलेला असतो. नोंदणी प्रमाणपत्रावरील सतरा अक्षरांचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा किंवा कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये जाऊन त्या गाडीचा पूर्ण सेवा-इतिहास छापून मागावा. त्यात एकाच तक्रारीसाठी गाडी वारंवार आत-बाहेर झालेली दिसली, तर किंमत कितीही आकर्षक असो, ती गाडी सोडावी असे माझे मत आहे. रिकॉल बाकी असेल तर बयाणा देण्याआधी मूळ मालकाकडूनच ते काम करून घ्यावे. गाडी आधीच घेतली असेल, तर हस्तांतरण होताच कंपनीकडे आपला पत्ता व फोन क्रमांक नोंदवावा. नाहीतर रिकॉलची पुढची सूचना पुण्यातल्या जुन्या पत्त्यावरच जाईल.