लघवी व्यवस्थित होत असेल तर किडनी ठीक आहे असं समजायचं का? किडनी शरीराचा समतोल राखते म्हणजे नेमकं काय करते?

मुळीच समजू नका. आमच्या घरात हेच वाक्य दोन वर्षं चाललं, म्हणून उत्तर लिहितोय.

बाबांना ब्लडप्रेशर, शिवाय गुडघेदुखी. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायची घाण) थोडं वाढलेलं निघालं तेव्हा मी म्हटलं, किडनीच्या डॉक्टरांना दाखवू या. दादा म्हणाला, "रात्री चारदा उठतात, पाण्यासारखी स्वच्छ लघवी होते. किडनी बिघडली असती तर एवढी झाली असती का?" तो मोठा, त्याचंच चाललं.

ती पाण्यासारखी लघवी हाच बिघाड होता. चांगली किडनी रात्री पाणी राखून ठेवते आणि थोड्याशा पाण्यातून घाण बाहेर काढते, म्हणून सकाळची पहिली लघवी गडद पिवळी असते. बाबांची सकाळचीसुद्धा नळाच्या पाण्यासारखी असायची. पाणी जात होतं, जायला हवं ते आतच राहत होतं.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं परत रक्तात. खरं काम हे परत घेण्याचं आहे: पाणी किती, सोडियम किती, आम्ल किती टाकायचं. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, 7.35 ते 7.45 मध्येच ठेवायचा, पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 मध्ये. पोटॅशियमचा तोल गेला तर हृदयाचे ठोके बिघडतात.

एका सकाळी बाबांना खुर्चीतून उठताच येईना. पायांत जीवच नव्हता. मी मनगट धरलं तर नाडी इतकी सावकाश, की दोन ठोक्यांच्या मध्ये मीच श्वास रोखून बसलो. हॉस्पिटलात पोटॅशियम 7.1 निघालं. डॉक्टरांनी विचारलं, घरी काय काय घेतात? ब्लडप्रेशरची गोळी, गुडघ्यासाठी रोजची पेनकिलर आणि दादाने काळजीपोटी आणलेलं कमी सोडियमचं मीठ. त्या मिठात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. पेनकिलरने किडनीचा रक्तपुरवठा घटतो. आणि बाबांची ब्लडप्रेशरची गोळी पोटॅशियम वाढवणाऱ्यांपैकी होती.

आधी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. त्याने पोटॅशियम उतरत नाही, हृदय तेवढं सांभाळलं जातं. मग ग्लुकोजसोबत इन्सुलिन, म्हणजे पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं. शरीराबाहेर ते गेलं डायलिसिसने. तेव्हासुद्धा लघवी होतच होती.

दादा आजही म्हणतो, मिठाने घात केला, किडनी चांगलीच होती. अरे, किडनी चांगली असती तर तेवढं पोटॅशियम तिने सहज बाहेर टाकलं असतं!

एक सांगायचं राहिलं. ज्यांची किडनी निरोगी आहे त्यांच्यासाठी ते मीठ वाईट नाही, ब्लडप्रेशरला उपयोगीच आहे. हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. रात्री वारंवार उठावं लागण्यामागे मधुमेह, प्रोस्टेट अशी इतरही कारणं असतात. पण घरात ब्लडप्रेशर किंवा मधुमेह असलेलं कोणी असेल तर क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडली की लघवीत झिरपणारं प्रथिन) तपासून घ्या. क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून अल्ब्युमिन सोडू नका. किडनीचं निम्मं काम बंद पडलं तरी क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. घरातलं मोठं माणूस "कशाला?" म्हणालं तरी तपासा. मी तेव्हा गप्प बसलो होतो.