साइनस लिफ्टचे पैसे एकरकमी भरावेत का?

प्रश्न: वरची डावी पहिली दाढ सहा वर्षांपूर्वी काढली. इम्प्लांटसाठी (हाडात बसवायचा दाताचा स्क्रू) तिथे हाड जेमतेम ४ मिमी आहे, आधी साइनस लिफ्ट करून, म्हणजे दाढांवरच्या हवेच्या पोकळीचा (साइनसचा) तळ उचलून, तिथे हाड भरावं लागेल, असं डेंटिस्ट म्हणतात. सगळे पैसे आधी भरले तर दहा टक्के सूट आहे. त्यासाठी अडीअडचणीला ठेवलेली मुदत ठेव मोडू का?

नका मोडू. उपचार योग्य असेलही, पण पैसे एकदम भरणं योग्य नाही.

यात तीन वेगळे खर्च आहेत: हाड भरणं, इम्प्लांट आणि वरची कॅप. ४ मिमी हाडात इम्प्लांट घट्ट बसण्याची खात्री नसते, म्हणून सहसा आधी हाड भरून ६ ते ९ महिने थांबतात. मग इम्प्लांट हाडात रुजायला ३ ते ६ महिने. म्हणजे कॅपचे पैसे तुम्ही वर्षभर आधीच देऊन बसणार. मध्येच डॉक्टर बदलायचा झाला किंवा बेत फिरला, तर ते परत मिळवताना दमछाक होते.

बेत फिरू शकतो, हे महत्त्वाचं. तो ४ मिमीचा आकडा ओपीजीवरचा (संपूर्ण जबड्याचा साधा एक्स-रे) की सीबीसीटीवरचा (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन), हे आधी विचारा. ओपीजीतली मापं नेमकी नसतात, त्यामुळे अंदाजपत्रक सीबीसीटीवरच बनायला हवं. ६ मिमीच्या आसपास हाड निघालं तर आखूड इम्प्लांट किंवा साइनसचा तळ खालूनच थोडा उचलून त्याच बैठकीत इम्प्लांट, असे स्वस्त पर्याय खुले होतात. शेजारच्या दोन्ही दातांवर आधीच कॅप असेल तर ब्रिजचाही (शेजारच्या दातांवर टेकवलेला दात) हिशेब मांडून घ्या. ते दात धडधाकट असतील तर मात्र ते घासून ब्रिज करणं मला महागाचंच वाटतं.

सर्वांत नेहमीची अडचण म्हणजे साइनसचा पातळ पडदा फाटणं. छोटी फट कोलॅजन मेम्ब्रेनने (विरघळणारी पातळ चकती) झाकून काम पुढे नेता येतं. मोठी असेल तर टाके घालून थांबतात आणि काही महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया. हा जादा खर्च कोणाचा? ग्राफ्ट (भरायचं हाड) कुठला, किती सीसी, मेम्ब्रेनचा खर्च धरलाय का, हाड रुजलं नाही तर पुढे काय, हे सगळं लेखी घ्या. धूम्रपान किंवा ताब्यात नसलेली साखर असेल तर ग्राफ्ट फसण्याची शक्यता वाढते. ते आधी आटोक्यात आणा.

विम्याची पॉलिसीही बघा. पुष्कळ आरोग्य विमे अपघात सोडून दातांचा खर्च देत नाहीत.

घाई कशाला? दात काढल्यावर हाडाची मोठी झीज पहिल्या वर्षातच होते. सहा वर्षांनंतर चार महिने थांबल्याने फारसं बिघडत नाही, फक्त खालची दाढ वर सरकत नाहीये ना, हे तपासून घ्या. तेवढ्यात पहिल्या टप्प्याची रक्कम बाजूला काढा. पुढच्या दोन टप्प्यांसाठी आवर्ती ठेव सुरू करा, हाड भरेपर्यंत तीही भरेल. सूट हवीच असेल तर प्रत्येक टप्प्याच्या बिलावर मागा.