रविवारच्या सायकल राईडबद्दल, तुझ्या पत्राला उत्तर

नाशिक रोड

प्रिय मुली,

सप्रेम जय भीम आणि सलाम.

तुझे पत्र सावकाश वाचले. गेले काही रविवार तू ज्या गटाबरोबर गंगापूर धरणापर्यंत जातेस, तिथे तुला कोणी वावगा शब्द बोललेले नाही. उलट चढावर एकाने थांबून गिअर कधी हलका करायचा तेही दाखवले. तरीही घरी परतताना परक्याच्या घरी जेवून आल्यासारखे वाटते, असे तू लिहिले आहेस. त्यापुढे तुझे दोन प्रश्न आहेत. हे सारे माझ्या मनाचे खेळ आहेत का, हा पहिला. आणि आधी वेग वाढवावा व मगच गटात परत जावे का, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर 'नाही' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर मला अधिक विस्ताराने द्यायचे आहे, कारण त्याच प्रश्नात अडकून अनेक मुलींची सायकल वर्षभरात जिन्याखाली जाऊन पडलेली मी पाहिली आहे.

हौसेने सायकल चालवणाऱ्यांच्या गटात दुरावा क्वचितच कोणाच्या तोंडून व्यक्त होतो. तो बहुतेक वेळा व्यवस्थेत असतो. राईड कुठून सुटते, सुटताना कोणता जयघोष होतो, कुठे पोचल्यावर फोटो काढायचा असतो, नाश्त्याला गप्पा कशावर होतात आणि दुपारी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कसले निरोप फिरतात, हे सगळे कोणीतरी आपल्या सवयीने ठरवलेले असते. आपल्या नाशिकच्या चहूबाजूंना देवस्थाने आहेत, त्यामुळे सायकलींची चाकेही आपोआप तिकडेच वळतात. त्र्यंबकेश्वर तीसएक किलोमीटर, वणीचा गड साठेक किलोमीटर, आणि दर वर्षीची पंढरपूरची सायकल वारी तर शहराच्या अभिमानाचा विषय आहे. त्या श्रद्धेचा मी मनापासून आदर करते. माझ्या जवळच्या मैत्रिणी वारीला जातात आणि परत आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला खरा वाटतो. परंतु वर्षभराच्या कार्यक्रमात जिथे पोचल्यावर तुझ्यासारख्या मुस्लिम मुलीला बाहेर सायकली सांभाळत उभे राहावे लागणार नाही अशी एकही मोठी राईड नसेल, तर त्या गटाने तुझा विचार केलेला नाही, एवढे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे. विचार न करणे आणि वाईट चिंतणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्या गटाकडून पहिली घडते आहे असे तुझ्या पत्रावरून दिसते, आणि ती सांगून दुरुस्त होऊ शकते.

मला हे वेगळ्या वाटेने कळले. मी ज्या गटात पूर्वी जात असे, तिथे नाश्त्याच्या टेबलावर नवीन माणसाला हमखास 'पूर्ण नाव काय?' असे विचारले जाई. आडनावाने समाधान झाले नाही तर मूळ गाव विचारले जाई, आणि मग एक लहानसा विराम येई. एका सद्गृहस्थांनी मला 'तुम्ही तशा वाटत नाही' असे कौतुकाच्या सुरात सांगितले होते. आज ना उद्या हे वाक्य तुझ्याही वाट्याला येईल. माझे नाव ऐकून लोकांना प्रश्न पडतो. तुझे नाव ऐकून त्यांना आधीच उत्तर मिळाल्यासारखे वाटते, आणि म्हणून तुला कोणी काही विचारतच नाही. तू लिहिलेस ते अवघडलेपण बरेचसे या न विचारण्यातून आलेले आहे, असे मला वाटते.

आता वेगाबद्दल. 'मी सर्वांच्या पुढे राहू लागले की मला आपोआप मान मिळेल' हा विचार मोहक असला तरी फसवा आहे. मार्शल टेलर, ज्याला सारे 'मेजर' म्हणत, हा कृष्णवर्णीय अमेरिकन सायकलपटू १८९९ मध्ये मॉन्ट्रिअल येथे स्प्रिंट प्रकारात जगज्जेता झाला. त्याच्यापेक्षा वेगवान माणूस त्या वर्षी पृथ्वीवर नव्हता. तरी त्याच्याच देशात हॉटेलांनी त्याला खोली नाकारली, प्रतिस्पर्ध्यांनी शर्यतीत मिळून त्याची कोंडी केली, आणि १९३२ मध्ये शिकागोत तो गरिबीत मरण पावला. त्याच्या नावाचे सायकल क्लब आज अमेरिकेतील अनेक शहरांत आहेत. ते जगज्जेत्यांनी उभारलेले नाहीत. नोकरीधंदा सांभाळून सुट्टीच्या दिवशी सायकल चालवणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांनी १९७९ पासून ते एकेक करून उभे केले. आपल्यासारख्यांना सायकलवर टिकवून ठेवण्याचे काम अशा क्लबांनी केले आहे.

त्याच काळातील किटी नॉक्स ही बॉस्टनची मुलगी मला टेलरहूनही जवळची वाटते. ती शिवणकाम करून पोट भरत असे. वडील कृष्णवर्णीय, आई गोरी. १८९३ मध्ये ती 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' या हौशी सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेची सदस्य झाली. पुढच्याच वर्षी त्या संघटनेने सदस्यत्व फक्त गोऱ्यांनाच देण्याचा नियम केला. १८९५ च्या वार्षिक मेळाव्याला, अ‍ॅस्बरी पार्क येथे, किटी आपले सदस्यत्वाचे कार्ड घेऊन हजर झाली आणि तिथे तिच्या प्रवेशावरून वाद उठला. तिचे सदस्यत्व नियमापूर्वीचे होते, ते कोणाला काढून घेता येत नव्हते. ती स्वतः शिवलेला, सायकलला सोयीचा पोशाख घालत असे, त्यामुळे वर्तमानपत्रांनी तिच्या रंगाबरोबर तिच्या कपड्यांचीही चर्चा केली. तिने भाषण केले नाही, शर्यत जिंकून कोणाला गप्प केले नाही; ती कार्ड घेऊन गेली आणि तिने सायकल चालवली. त्या संघटनेला तो जुना नियम औपचारिकपणे नाकारायला १९९९ साल उजाडावे लागले.

वेगाविषयी आणखी एक सांगते, कारण तुला लांबच्या अंतराची आवड दिसते. बीआरएम नावाच्या ज्या लांब पल्ल्याच्या राईड आपल्याकडेही होतात, त्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास असतात. थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटर पडले तरी पुरते. त्यांत क्रमांक लावले जात नाहीत. मुदतीत येणारा प्रत्येकजण सारखाच. तुला मोजमाप हवेच असेल तर ही मुदत धर. आपल्या शहरातील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करणारी 'रॅम' ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, त्याचा मला आनंद आहे. पण रविवारी गटात तुझी जागा असण्यासाठी तसे काही करून दाखवण्याची अट तुझ्यावर नाही.

तर मग करायचे काय? नेमके मागायचे. २ मार्च १९३० रोजी याच शहरात डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड हजारो माणसांसह काळाराम मंदिरापाशी गेले, तेव्हा त्यांनी 'आम्हाला आपुलकीने वागवा' अशी मोघम विनंती केली नव्हती. एक विशिष्ट दार उघडावे, एवढीच मागणी होती. दार तेव्हा उघडले नाही आणि सत्याग्रह सुमारे पाच वर्षे चालला, हेही लक्षात ठेव. आपला विषय त्यामानाने फार लहान आहे, पण रीत तीच उपयोगी पडते. 'मला परके वाटते' असे संयोजकांना लिहिलेस तर ते बिचारे दुःखी होतील, तुला जपून वागवू लागतील आणि तू आणखीच परकी होशील. त्याऐवजी असे लिही: 'पुढच्या तीन महिन्यांच्या कार्यक्रमात नांदूर मध्यमेश्वरची एक राईड ठेवता येईल का? मार्ग मी आखून देते.' तिथे सपाट रस्ता आहे, थंडीत पक्षी असतात, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाल्यामुळे लोकांना जायची उत्सुकताही आहे. पांडवलेणी, गिरणारे, वैतरणा अशी कितीतरी ठिकाणे आहेत. दुसरी मागणी व्हॉट्सॲपची कर: राईडची वेळ, मार्ग आणि पंक्चर-मदत यांसाठी वेगळा ग्रुप असावा आणि त्यावर दुसरे काही येऊ नये. ही मागणी तू केलीस तर मूकपणे सुटकेचा निःश्वास टाकणारे अनेकजण त्या गटात निघतील, हे मी खात्रीने सांगते. जयघोषाबद्दल मात्र मी तुला भांडायला सांगणार नाही. शिवरायांचा जयजयकार तुझाही आहे, तो मोकळेपणाने कर. ज्यात तुझे मन नाही तिथे शांत उभी राहा, आणि कोणी त्यावरून तुझी निष्ठा मोजू लागले तरच बोल.

रमजानचेही आधी सांगून ठेव. तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, त्यामुळे सध्या तो थंडी सरताना येतो, पण पाण्यावाचून लांब राईड करणे तरीही शहाणपणाचे नाही. माझ्या मुस्लिम मैत्रिणी त्या महिन्यात इफ्तारच्या आधीचा तास निवडतात, घराजवळच सपाटीवर हलके चालवतात, आणि चक्कर आल्यासारखे वाटले तर सरळ उतरतात. महिनाभर गटात दिसली नाहीस म्हणून ईदनंतर नव्याने ओळख करून द्यावी लागू नये, यासाठी 'या काळात मी येणार नाही, अमुक तारखेपासून येईन' एवढे कळवणे पुरेसे आहे.

हिजाबवर हेल्मेट कसे बसवायचे, हे तू संकोचाने विचारलेस. त्यात संकोच कसला? घाम शोषणाऱ्या पातळ, ताणल्या जाणाऱ्या कापडाचा, डोक्याला घट्ट बसणारा एकेरी थर घे. मागे गाठ किंवा पिन नको, कारण पडल्यावर ती हेल्मेटखाली टोचते. दुकानात जाताना तेच कापड बांधून जा आणि त्यावरच माप घे. हनुवटीखालचा पट्टा कापडाच्या वरून, दोन बोटे जेमतेम जातील इतका आवळ. सलवार घालणार असशील तर उजवा पायचा रबरी पट्टीने बांध आणि ओढणी घरी ठेव. चेनमध्ये आणि मागच्या चाकात अडकून होणारे अपघात फार वाईट असतात. दुकानदाराने तुला न विचारता 'लेडीज' सायकल पुढे केली तर तुझ्या उंचीला बसणारी फ्रेम मागून घे.

फोटोंबद्दल सावध राहा. पोस्टरसाठी तुला पुढे उभे करतील, आणि त्यांचा हेतू बहुधा चांगलाच असेल. तुला आवडत असेल तर उभी राहा. पण गटाच्या फोटोत तू आणि गटाच्या बैठकीत तू नाहीस, असे होत असेल तर आधी बैठकीत बोलावण्यास सांग. कुठे काही घडले की 'तुमच्यात याबद्दल काय म्हणतात?' असे विचारणारेही भेटतील. सगळ्या समाजाच्या वतीने उत्तर देणे तुझे काम नाही. 'मला ठाऊक नाही, चला, ऊन वाढतंय,' हे संपूर्ण आणि सभ्य उत्तर आहे.

तुझ्या आईची भीती मात्र मी हलकी मानत नाही. पहाटे साडेपाचला सामसूम रस्त्यावर एकट्या मुलीला कोणी अडवून नावगाव विचारले तर काय, ही भीती पोकळ नाही. एकट्या बाईला जपून राहावे लागते आणि तुझ्या नावामुळे तुला दुप्पट जपावे लागते, हे आपल्याला पसंत नसले तरी आजचे वास्तव आहे. ओळखपत्र खिशात ठेव, लोकेशन आईला पाठवत जा, ११२ लक्षात ठेव, मागचा लाल दिवा उजेडातही चालू ठेव. आईला एकदा राईड सुटते तिथे घेऊन ये. सोबतच्या बायकांचे चेहरे पाहिल्यावर अर्धी काळजी उतरते, असा माझा अनुभव आहे.

आणि दुसरी मुलगी आण. माझ्या सगळ्या सांगण्यात हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गटात एकटी असलेली मुलगी अपवाद असते. दोघी झाल्या की गटाला सवय लावून घ्यावी लागते, आणि चौघी झाल्या की नाश्त्याच्या गप्पा बदलतात. तुझ्या वडाळ्यातल्या, जुन्या नाशकातल्या मैत्रिणींना आधी संध्याकाळी मोकळ्या मैदानावर तोल सांभाळायला शिकव. त्यांचा वेगळा छोटा गट झाला तरी बिघडत नाही. मोठ्या गटात जाणे आणि आपला गट असणे यांत एकच निवडावे लागते, असे कोणी सांगितले तर ऐकू नकोस. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेबरोबर लाखाहून अधिक ग्रामीण बायका सायकल शिकल्या, त्यांत दलित आणि मुस्लिम बायका मोठ्या संख्येने होत्या. लोकांनी नावे ठेवली, पण बायका इतक्या होत्या की नावे ठेवणारेच थकले.

तुला अधिक लोक आणायचे आहेत तर हरसूल, पेठकडच्या रस्त्यांचाही विचार कर. आपण तिकडे 'निसर्ग' बघायला जातो, पाड्यावरच्या पोरांचे न विचारता फोटो काढतो आणि परत येतो. ज्या सावरपाड्याहून कविता राऊत निघाली आणि २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली, तो पाडा याच भागात आहे. त्या मुलांना आपल्या गटात कोणी कधी बोलावले आहे का? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काळ्या सायकलवर पाळीला जाणाऱ्या कामगारालाही कोणी विचारत नाही. तू आज ज्या टेबलावर अवघडून बसतेस, तिथे त्यांना अजून खुर्चीही नाही. संयोजकांना मार्ग आखून देशील तेव्हा एका राईडमध्ये पाड्यावरच्या शाळेतील सात-आठ मुलांना दोन तास सायकली चालवायला देण्याचा प्रस्ताव घाल. जुन्या सायकली मी गोळा करीन.

येत्या रविवारी मी तुझ्याबरोबर येते. पावणेसहाला द्वारका चौकात भेटू, तिथून गटाच्या ठिकाणी सोबत जाऊ. संयोजकांना मी ओळखते, पण नांदूर मध्यमेश्वरची गोष्ट तूच काढायची आहेस. मी शेजारी असेन. जादा ट्यूब आणि पंप आण, माझा पंप तुझ्या वॉल्व्हला बसत नाही. आई येणार असेल तर कळव, मी चहा थर्मासमधून आणते.

तुझी,
ताई