जुन्या बाजारातून घेतलेला चार तुकड्यांचा हलका फिशिंग रॉड कसा ओळखायचा, आणि कृष्णेवर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या जुन्या बाजारात चार तुकड्यांचा काळा रॉड घेतला, कंपनीचं नाव घासून गेलंय, मुठीच्या वर फक्त ७–१८ ग्रॅम एवढं दिसतंय आणि कराडला घरी नेऊन नदीवर वापरायचा आहे. चालेल की, नक्की चालेल. पण कंपनीच्या नावाच्या मागं लागू नका, तो जो ७–१८ चा आकडा शिल्लक राहिलाय तीच तुमच्या रॉडची खरी ओळख.

बरेच जण त्याचा अर्थ माशाचं वजन किंवा रॉडचं वजन असा लावतात, तसं नसतं. तंगूसाच्या, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याच्या, टोकाला जे काही लावून तुम्ही फेकणार, म्हणजे शिसं, गळ, आमिष सगळं धरून, ते ७ ते १८ ग्रॅममध्ये बसलं पाहिजे. काही रॉडवर हेच औंसात असतं, १/४ ते ५/८ औंस म्हणजे तेच साधारण ७ ते १८ ग्रॅम. शेजारी एलबी म्हणजे पौंड लिहिलेलं असेल तर ती तंगूसाची ताकद, ८ एलबी म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास.

हे मी एवढं जोर देऊन सांगतोय कारण माझा पहिला ट्रॅव्हल रॉड, म्हणजे तुमच्यासारखाच तुकडे सुटे होणारा, ह्याच चुकीनं गेला. मी सांगलीचा, हरिपूरला वारणा आणि कृष्णेच्या संगमावर बसलो होतो, आजूबाजूला सगळे गळ लावलेल्या तारेच्या स्प्रिंगला कणकेचा गोळा लावून लांब फेकत होते म्हणून मीपण तसंच लावलं आणि दुसऱ्याच फेकीला वरच्या जोडापाशी कट्‌ आवाज येऊन शेंडा तंगूसावर लोंबायला लागला. घरी येऊन तसंच स्प्रिंग, शिसं आणि ओली कणीक किचनच्या काट्यावर ठेवलं तर ७० ग्रॅमच्या वर, आणि रॉड होता २० ग्रॅमचा. खूप वाईट वाटलं, कारण रॉडची काही चूक नव्हती. तेव्हा कणकेच्या गोळ्याचा जाड रॉड वेगळा ठेवा, ह्याला गांडूळ, छोटं शिसं, नाहीतर ७-१० ग्रॅमचा स्पिनर, म्हणजे पाण्यात फिरणारं चमकतं पत्र्याचं आमिष. चिलापी, वाम, लहान मरळ ह्यांना अगदी मस्त आहे, शेंड्यावर नुसती टोचणी झाली तरी हाताला कळते.

आता जुना आहे म्हणून तपासायचा कसा ते. चारही तुकडे चटईवर शेजारी शेजारी मांडा. जवळपास सारखेच भरले पाहिजेत, ७ फुटी रॉड असेल तर एकेक साधारण ५५ सेंमी किंवा थोडा जास्त, कारण जोडात काही भाग आत जातो. शेंड्याचा तुकडाच बाकीच्यांपेक्षा चार बोटं आखूड निघाला तर समजायचं की टोक कधीतरी मोडलंय आणि वरची रिंग परत चिकटवलीय, असा रॉड चालतो पण शेंडा ताठ झालेला असतो. रिंगांना गुंडाळलेल्या दोऱ्याचा रंग चारही तुकड्यांवर एकच आहे का बघा, दोन रॉडचे तुकडे मिळवून एक केलेलापण विकतात. मग इअरबड घेऊन प्रत्येक रिंगच्या आतून गोल फिरवा, कापूस अडकला की तिथं चीर आहे, ती नवीन तंगूस कापत राहणार, तेवढी रिंग बदलून घ्या.

रीलची जागा मुठीच्या एकदम खालच्या टोकाला असेल आणि वरच्या रिंगा बारीक तारेच्या वळलेल्या असतील तर तो फ्लाय रॉड, म्हणजे माशीसारखं हलकं आमिष फेकायचा, त्याला साधं रील लावून उपयोग नाही. बोट अडकवायला खाली हूक असेल तर वर बसणाऱ्या रीलचा. पहिली रिंग मोठी आणि पुढं लहान लहान होत गेलेली म्हणजे स्पिनिंग, रील खाली लटकणारा, तुमचा वर्णनावरून हाच वाटतोय. त्याला २००० किंवा २५०० साइजचं रील आणि ०.२५ मिमी तंगूस पुरे.

जोड हे ट्रॅव्हल रॉडचं सगळ्यात नाजूक ठिकाण. कोरड्या फडक्यानं पुसा, आत जाणाऱ्या भागावर साधी मेणबत्ती हलकी घासा, शेंड्याकडून सुरुवात करून एकेक जोडा, रिंगा थोड्या तिरक्या ठेवून आत दाबत दाबत पिळून सरळ रेषेत आणायच्या. काही रॉडच्या जोडात थोडी फट राहते, तो दोष नाही, झिजायला ठेवलेली जागा असते ती, जबरदस्तीनं आत ठोकू नका. पण फेकताना टकटक आवाज आला की लगेच थांबून जोड तपासा, आणि नाही आला तरी पंधरा-वीस फेकींनी एकदा चाचपायचा. मासा काठाशी आला की रॉड डोक्यामागं नेऊन उभा धरू नका, शेंडे असेच मोडतात, हातजाळी ठेवा. गळ खडकात अडकला तर रॉड सरळ गळाच्या दिशेनं धरा, तंगूस एखाद्या काठीला गुंडाळा आणि मागं जाऊन ओढा.

आणि हे अजिबात विसरू नका. तुमचा रॉड कार्बनचा असणार, जोडाच्या टोकाला आत काळाकरडा दिसतो का बघा, आणि कार्बनमधून वीज जाते. नदीकाठी शेतीपंपाच्या मोटारीच्या तारा कुठंही खाली लोंबत असतात, रॉड जोडायच्या आधी मान वर करून बघायचं, पाऊस-विजा असल्या तर रॉड खाली ठेवून लांब व्हायचं. खाली आमच्याकडं औदुंबर, भिलवडी, डिग्रज ह्या पट्ट्यात मगरी आहेत, पाण्यात पाय सोडून बसू नका आणि काठावर मासे साफ करू नका. धरणाच्या किंवा तलावाच्या पाण्यावर जाणार असाल तर तिथला मासेमारीचा ठेका कुठल्या सोसायटीकडं आहे ते गावात विचारून परवानगी घ्या.

एसटीनं नेताना अडीच इंची पीव्हीसी पाइप, दोन्हीकडं टोपणं, आत जुना टॉवेल, बास. फक्त ओला रॉड तसाच बंद करून ठेवू नका, घरी आलं की बाहेर काढून सुकवा. जोडांचे आणि पहिल्या रिंगचे फोटो इथं टाका, म्हणजे स्पिनिंगच आहे ना ते बघून सांगतो.