बिजागोसला गट नेण्यापूर्वी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा सहलीचा आराखडा दोन्ही सावकाश वाचले. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊसारख्या, आपल्याकडे नकाशावरही चटकन न सापडणाऱ्या देशात आठ-दहा जणांचे गट नेण्याची तुझी कल्पना मला आवडली; परंतु आराखड्याच्या पहिल्याच ओळीतील ‘अस्पर्श बेटे’ हे शब्द आधी खोडून टाक.

त्या देशाच्या बिजागोस द्वीपसमूहात 88 बेटे मोजली जातात आणि त्यांपैकी सुमारे 20 बेटांवरच कायमची वस्ती आहे, एवढे वाचून उरलेली बेटे रिकामी आहेत असा तुझा समज झालेला दिसतो. प्रत्यक्षात त्यांना मालक आहेत. कुठल्याशा गावाची माणसे तिथे हंगामापुरती भात पिकवायला किंवा ताडफळे उतरवायला जातात, आणि काही बेटे तर केवळ विधींसाठी राखलेली असतात. पोइलांव हे सुमारे 43 हेक्टरांचे बेट कान्याबाक बेटावरील गावांच्या परंपरागत ताब्यात आहे. अशा पवित्र बेटांवर रक्त सांडायचे नाही, प्रेत पुरायचे नाही, कायमचे घर उभारायचे नाही, असे दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले, आणि म्हणूनच आज आफ्रिकेतील हिरव्या समुद्री कासवांचे सर्वांत मोठे वीणस्थान तिथे टिकून आहे. आपल्या सह्याद्रीतील देवराई जशी देवाच्या धाकाने राहिली, तसेच हे आहे. या प्रदेशाला 1996 मध्ये युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्राचा आणि 2025 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण राखण त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती, हे तुझ्या प्रवाशांना विमानात बसण्यापूर्वीच कळले पाहिजे.

कासवांचा हंगाम तू फेब्रुवारीत धरला आहेस, ते कोकणातल्या वेळासच्या अनुभवावरून असावे. बिजागोसमध्ये हिशेब वेगळा आहे. अंडी घालण्याचा जोर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसात असतो आणि त्या दिवसांत उघड्या होडीतून लांबचा पल्ला गाठणे हे धाडस नव्हे, बेपर्वाई आहे. पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबरच्या सुमारास जा. तेव्हा पिले समुद्राकडे धावताना दिसण्याची शक्यता चांगली असते. राष्ट्रीय उद्यानाची परवानगी आणि गावाची संमती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि पहिली मिळाली म्हणून दुसरी गृहीत धरू नये.

हे मी शहाणपणाने नव्हे, चुकून शिकलो. कच्च्या काजूच्या खरेदीसाठी मी त्या देशात चार हंगाम काढले. एकदा सुटीच्या दिवशी बेटावरच्या एका गावात, बालोबा म्हणतात त्या देवघराच्या झोपडीवर न विचारता कॅमेरा रोखला. कोणी ओरडले नाही. मला सावलीत बसवले, वडीलधारी मंडळी जमली, बराच वेळ आपसांत बोलली आणि शेवटी देवाला वाहण्यासाठी उसाच्या दारूची एक बाटली माझ्याकडून घेऊन प्रकरण मिटवले. दंड क्षुल्लक होता. परंतु त्या दोन तासांत कोणीही माझ्याकडे पाहिले नाही, ते मात्र लक्षात राहिले. आपल्या गटातील दहा फोनांचे काय करायचे, याचा विचार आतापासून कर.

काजूचा विषय निघाला आहे तर सांगतो. ब्राझीलचे हे झाड पोर्तुगीजांनी गोव्यात आणले आणि गिनी-बिसाऊतही नेले. एप्रिल-मेमध्ये राजधानी बिसाऊच्या बाहेर पडलास की बोंडांच्या आंबूस वासाने तुला थेट कोकणात उतरल्यासारखे वाटेल. तिथली माणसे त्या रसाची मद्यासारखी आंबवलेली पेये करतात. देशाची निर्यात मात्र जवळजवळ सगळी काजूबियांवर टेकलेली आहे, त्यातील मोठा वाटा सोलण्यासाठी भारतात येतो, आणि भाव पडला की खेड्यातले घर उपाशी राहते. बागांसाठी जंगलही तुटते. या घराला पर्यटनातून दुसरे उत्पन्न मिळावे असे तुला खरोखर वाटत असेल, तर दरपत्रकात गावाचा वाटा ‘इतर खर्चा’त दडवू नकोस.

संस्कृतीच्या नावाखाली रोज संध्याकाळी मुखवट्यांचा नाच ठेवला आहेस, तो काढ. बैलाच्या मुखवट्याचा नाच हा ठरावीक वयोगटातल्या तरुणांचा असतो. तो पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळेला बांधणे त्यांनाही शोभत नाही आणि आपल्यालाही. त्याऐवजी मुख्य भूमीवर बालांता जमातीच्या शेतकऱ्यांच्या बोलान्या, म्हणजे भातखाचरे, दाखव. खाडीकाठच्या खारफुटीत बांध घालून, खारे पाणी अडवून, पावसाने जमीन धुवून घेऊन तिथे भात काढतात. गोव्याची खाजणे पाहिलेल्या माणसाला हे काम समजावून सांगावे लागत नाही, आणि बोलायला विषय आपोआप मिळतो. काशेउमध्ये गुलामांच्या व्यापाराचे स्मारक-संग्रहालय आहे. तिथे एक पूर्ण सकाळ दे. बोलामा 1941 पर्यंत राजधानी होते, त्याच्या पडक्या इमारतींना अर्धा दिवस पुरे. ओरांगो बेटाच्या खाऱ्या पाण्यात वावरणारे पाणघोडे सर्वांना पाहायचे असतील, पण तेच रात्री भातशेती तुडवतात, हेही यजमानांच्या तोंडून ऐकव.

व्यवहाराचे थोडक्यात. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घेऊन तिचे प्रमाणपत्र पासपोर्टबरोबर ठेवावे, नाहीतर परतताना भारतीय विमानतळावर विलगीकरणात जावे लागते. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कराव्यात. बेटांवर रोख सीएफए फ्रँकच चालतात असे धरून चाल. देशाने अनेक लष्करी उठाव पाहिले आहेत, तेव्हा सहल रद्द झाल्यास पैसे कसे परत देणार हे आधीच लिहून दे; जीवरक्षक जॅकेट नसलेल्या होडीत मात्र कोणाच्याही आग्रहाने बसू नकोस.

पहिला गट नेण्यापूर्वी एकदा एकटा जाऊन ये. पोर्तुगीज येत नसली तरी चालेल, पण तिथली बोलभाषा क्रिओल थोडी शीक. ‘कुमा दी कुर्पु?’ म्हणजे ‘शरीर कसे आहे?’ असे विचारल्यावर तिथली माणसे घरच्यांची, पिकाची, प्रवासाची चौकशी करत राहतात आणि कामाची गोष्ट फार उशिरा निघते. तुझ्या आराखड्यात प्रत्येक गावाला दीड तास दिला आहे. तेवढा वेळ रामरामालाच लागतो. गावे निम्मी करून सुधारलेला आराखडा मला पाठव.

तुझा शुभचिंतक